उसाच्या मोळीतले वाटेकरी

प्रयोगशाळेतली आमची सकाळ एका हिशेबानं सुरू व्हायची. आदल्या चोवीस तासांत काट्यावरून किती ऊस आला आणि त्याचं काय काय झालं, याचा हिशेब. शंभर टन ऊस गव्हाणीत पडला, तर त्यातून साखर निघायची अकरा टनांच्या आसपास. बगॅस, म्हणजे रस पिळून उरलेला ओला भुसा, अठ्ठावीस ते तीस टन. मळी चार टनांच्या थोडी वर. रस निवळताना खाली बसणारा काळसर गाळ, ज्याला कारखान्यात सगळे प्रेसमड म्हणतात, तो तीन-चार टन. बाकीचं पाणी, वाफ होऊन निघून जाणारं. वजनानं पाहिलं तर साखर हा आलेल्या उसाचा जेमतेम नववा हिस्सा.

अहमदनगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगरातल्या, एका सहकारी कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. साखरेचा उतारा सगळेच विचारायचे. चेअरमन विचारायचे, सभासद विचारायचे, वर्तमानपत्रवाले विचारायचे. उरलेल्या आठ हिश्श्यांचं काय होतं, हे क्वचितच कुणी विचारलं. या भागातली शेती, रोजगार, ओढे आणि विहिरी यांचं भलंबुरं मात्र त्या आठ हिश्श्यांवरच ठरत आलं आहे. एका उद्योगाचं उरलंसुरलं दुसऱ्यानं घ्यावं, म्हणजे निसर्गावरचा भार हलका होतो, असं आता परिषदांमधून सांगितलं जातं. आमच्याकडं हे जवळजवळ शंभर वर्षं चाललं आहे. ते कशामुळं जमलं, कुठं फसलं आणि त्यात कुणाचा वाटा कापला गेला, हे मी जवळून पाहिलं आहे.

माझे वडील करवीर तालुक्यात गुळव्या होते. गुऱ्हाळात चरकातून रस निघाला की तो काहिलीत जायचा, आणि त्याच उसाचं चिपाड आवारात पसरून वाळवलं जायचं. दोन दिवसांच्या उन्हात ते कडकडीत झालं की चुलवाणात. बाहेरचं जळण आणायचं म्हणजे बाभळीची लाकडं विकत घ्यायची, आणि ज्याला ती घ्यावी लागत त्याचं गुऱ्हाळ तोट्यात जाई. म्हणून चिपाड भिजू न देणं हे गूळ बिघडू न देण्याइतकंच महत्त्वाचं काम होतं. अवकाळी ढग आले की आधी माणसं चिपाडाकडं धावायची. आदण उकळताना वर येणारा मळ झाऱ्यानं काढून बाजूला ठेवायचा, तो उकिरड्यावर जायचा. चुलवाणातली राख ज्याचा ऊस त्याच्या शेतात. चरक एकाचा, काहील दुसऱ्याची, बैल तिसऱ्याचे, आणि सगळ्यांच्या मोबदल्यात गूळ. वडिलांच्या डोक्यात हा हिशेब पक्का असायचा, कागदावर एक ओळ नसायची.

ही पद्धत पुढं कारखान्यांनी उचलली, आणि त्याचं कारण भूगोलात आहे. नगर, पुणे, सोलापूरचा हा पट्टा पर्जन्यछायेचा. इथं ऊस आला तो कालव्यांमुळं. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा, प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरं झालं. पाणी आलं, ऊस आला, पण दगडी कोळशाच्या खाणी इथून फार दूर. रेल्वेनं कोळसा आणून साखर करायची तर ती परवडणारी नव्हती. हरिगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना १९२० च्या दशकातला. पुढं १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला, जावाच्या साखरेवर भारी जकात बसली, आणि चार-पाच वर्षांत देशातल्या कारखान्यांची संख्या तिसाच्या आसपासवरून शंभरावर गेली. टिळकनगर, वालचंदनगर, माळीनगर, रावळगाव ही त्याच काळातली नावं. यातला प्रत्येक कारखाना स्वतःच्या बगॅसवर वाफ करत होता. हंगामाच्या सुरुवातीला बॉयलर पेटवायला लाकूड लागायचं. एकदा मोळी पडून गाळप सुरू झालं की ऊस आपलं इंधन स्वतःच घेऊन यायचा.

इथं एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. रस आटवायच्या कढयांची जी ओळ प्रत्येक साखर कारखान्यात असते, जिला आमचे कामगार ‘क्वाड’ म्हणतात, तिची कल्पना नॉर्बर्ट रिलियू यांची. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ साली जन्मलेला हा माणूस. वडील गोरे, आई कृष्णवर्णीय वंशाची स्वतंत्र स्त्री. शिक्षण पॅरिसमध्ये. त्या काळी लुइझियानात गुलाम मजूर उघड्या कढयांतून उकळता रस डावानं एका कढईतून दुसरीत ओतत, भाजत, मरत. रिलियूंनी कढया बंद केल्या, आतली हवा काढून दाब उतरवला, आणि पहिल्या कढईतल्या रसातून निघालेली वाफ दुसरीला तापवायला दिली, दुसरीची तिसरीला. १८४३ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. बॉयलरमधून आलेली तीच उष्णता चार वेळा कामाला येते. क्वाडच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून नव्या पोरांना मी हे नाव मुद्दाम सांगायचो. उष्णता वाटून घ्यायची ही युक्ती नसती, तर बगॅसवर साखर कारखाना चालला नसता, आणि आमच्या कोरड्या पट्ट्यात तर तो उभाच राहिला नसता.

लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना गोळा करून सहकारी कारखाना काढला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि मुंबई सरकारात असलेल्या वैकुंठभाई मेहतांनी त्यामागं बळ उभं केलं. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. या घटनेबद्दल राजकीय अंगानं पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यातली वेगळी गोष्ट मोलाची वाटते. खाजगी कारखान्यात ऊस शेतकऱ्याचा आणि उरलेलं सगळं मालकाचं. सहकारी कारखान्यात बगॅस, मळी, प्रेसमड यांचा मालक तोच, ज्यानं ऊस घातला. त्यामुळं वार्षिक सर्वसाधारण सभेत एखादा फेटेवाला सभासद उभा राहून ‘मळीचं काय केलंत?’ असं विचारू शकत होता. आणि विचारतही होता.

मळीचं काय करायचं, हे तेव्हा खरंच कुणाला सुचत नव्हतं. मळी म्हणजे ज्यातून आता साखरेचे खडे पडत नाहीत असा दाट काळा पाक. त्यात निम्म्याच्या आसपास साखर असते, पण ती आमच्या पॅनमध्ये पकडता येत नाही. सुरुवातीच्या काळात अनेक ठिकाणी ती कच्च्या खड्ड्यांत साठवली जायची. उन्हाळ्यात फसफसायची, पावसाळ्यात खड्डे भरून ओढ्याला लागायची. काही मळी तंबाखूवाल्यांकडं जायची, काही पशुखाद्याला. दुष्काळाच्या वर्षांत बगॅसवर मळी शिंपडून तो चारा जनावरांच्या छावण्यांना दिला जायचा, आणि भुकेलेली जनावरं तो खायची. पण या सगळ्याला लागणारी मळी उत्पादनाच्या मानानं किरकोळ.

मळी आंबवून अल्कोहोल काढता येतं, हे जुनंच ज्ञान. केंद्रानं १९४८ मध्येच पॉवर अल्कोहोलचा कायदा केला होता, पेट्रोलमध्ये ते मिसळावं म्हणून. पण १९४९ मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. आसवनीच्या टाकीटाकीला दारूबंदी खात्याचं कुलूप, दारात खात्याचा निरीक्षक, मळीच्या प्रत्येक टँकरला परवाना. १९६१ पासून मळीची किंमत आणि वाटपही केंद्राच्या आदेशानं ठरू लागलं. हे नियंत्रण १९९३ मध्ये उठलं. तोवर मळीचा भाव इतका नाममात्र होता, की चांगल्या पोलादी टाक्या बांधून ती सांभाळावी असं कुठल्या संचालक मंडळाला वाटलं नाही, तर त्यांना दोष देता येत नाही. ज्या मालाला भाव नाही त्याची राखण कुणी करत नाही. अनेक ओढे त्या स्वस्ताईनं खराब झाले, असं माझं मत आहे.

तरी आसवन्या निघाल्या. कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला सोमय्यांच्या गोदावरी कारखान्यानं अल्कोहोलच्या पुढं जाऊन त्यापासून रसायनं करायला घेतली, आणि साकरवाडी ही रासायनिक उद्योगातली ओळखीची जागा झाली. उसाचा पाक, त्यापासून अल्कोहोल, त्यापासून ॲसिटाल्डिहाइड, त्यापासून पुढची रसायनं, जी औषधं, रंग आणि चिकटद्रव्यं करणाऱ्या कारखान्यांना लागतात. पेट्रोलियम स्वस्त होतं तेव्हा या साखळीला घरघर लागली. ते महागलं तेव्हा ती पुन्हा तगली. आंबवण्याच्या टाकीतून जो कर्बवायू बुडबुडत वर येतो, तोही काही आसवन्यांनी पकडून शीतपेयांच्या कारखान्यांना विकला.

आणि मग स्पेंटवॉश.

एक लिटर अल्कोहोल काढलं की मागं दहा ते पंधरा लिटर गडद तपकिरी, आंबूस, गरम पाणी उरतं. त्याची जैविक प्राणवायूची मागणी, म्हणजे ते कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाईल त्याचं माप, लिटरमागं चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम. नदीत सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे तीस मिलिग्रॅमची. या दोन आकड्यांमधलं अंतर ज्यानं प्रयोगशाळेत स्वतः मोजलं आहे त्याला पुढचं काही सांगावं लागत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी नद्यांच्या काठी उन्हाळ्यात मेलेले मासे वर आले, कितीतरी विहिरींना चहाचा रंग आला. विहिरीचं पाणी बाटलीत भरून शेतकरी आमच्या प्रयोगशाळेत यायचे. ‘साहेब, एवढं तपासून द्या.’ तपासायची गरज नसायची. बाटली उजेडात धरली की कळायचं. त्यात बरेचदा कारखान्याचे सभासदच असायचे. उसाचा भाव त्यांच्या खात्यात जमा व्हायचा आणि उसाचं सांडपाणी त्यांच्याच विहिरीत. वस्तू एका उद्योगाकडून दुसऱ्याकडं जाते तेव्हा फायद्याची वाटणी पटकन होते. तिच्यामागं राहिलेल्या घाणीला मात्र वाटेकरी लागत नाही, आणि ती उताराच्या बाजूला जाते.

यातून वाट निघाली ती दोन नकोशा गोष्टी एकत्र आणल्यावर. पहिली पायरी वायूची: स्पेंटवॉश मोठ्या बंद टाक्यांमध्ये जिवाणूंच्या हवाली करायचा, त्यातून मिथेन घ्यायचा, आणि त्यावर आसवनीचा बॉयलर चालवायचा. अनेक आसवन्यांचं बहुतेक इंधन त्यातून सुटलं. पण वायू काढून झाल्यावरही पाणी काळंच राहायचं. दुसरी पायरी प्रेसमडची. हा गाळ पूर्वी कारखान्याच्या मागं डोंगरासारखा साचायचा, पेट घ्यायचा, माशांचं माहेर व्हायचा. आवारात त्याच्या लांबलचक रांगा घालायच्या, त्यावर स्पेंटवॉश शिंपायचा, एरोटिलर यंत्रानं उलथापालथ करायची, पुन्हा शिंपायचा. एक टन गाळ दीड-दोन महिन्यांत अडीच टनांपर्यंत पाणी पिऊन घेतो. रांग आतून तापते, इतकी की हात घालवत नाही. पाणी उडून जातं आणि खत राहतं. मी या आवारात फार वेळ घालवला आहे. तिसऱ्या आठवड्यात आंबूस वास जाऊन पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास यायला लागतो. नोकरीतलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण ते होतं. पावसाळ्यात मात्र हे काम बंद ठेवावं लागतं, आवार पक्कं नसेल तर तेच पाणी जमिनीत मुरतं. २००३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं आसवन्यांना थेंबभरही पाणी बाहेर न सोडण्याची सनद लागू केली, तेव्हा कुठं आवारं पक्की होऊ लागली. विज्ञान आधीपासून हाताशी होतं. बांधकामाचा खर्च कुणी करायचा, ही अडचण होती, आणि ती नियमानंच सुटली.

या कंपोस्टाबरोबर दुसराही एक बदल आला, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पूर्वी प्रेसमड फुकट मिळायचा. ट्रॉली घेऊन या, भरून न्या. ज्याची जमीन चोपण, ज्याच्याकडं जनावरं कमी, असा अल्पभूधारक तो न्यायचा. प्रेसमडचं कंपोस्ट झालं आणि पोत्यात भरून त्याला भाव लागला, तेव्हा तो शेतकरी मागं राहिला आणि द्राक्षवाले, डाळिंबवाले पुढं आले. राखेचंही तेच. बॉयलरची राख वीटभट्टीवाले नुसत्या वाहतुकीच्या खर्चात न्यायचे, पुढं तिचं टेंडर निघू लागलं. टाकाऊ वस्तूला किंमत येणं चांगलंच, तिच्यामुळं ती सांभाळली जाते. पण किंमत येते त्या दिवशी आधीपासून ती वापरणारा गरीब माणूस त्या आवारातून बाहेर पडतो. ऊसतोड कामगारांच्या वाढ्यांचं उदाहरण यात मला नेहमी आठवतं. उसाचा वरचा हिरवा शेंडा म्हणजे वाढं. बीड, आष्टी, पाथर्डीकडून आलेली कोयत्यावरची माणसं ते आपल्या बैलांना घालतात आणि उरलेलं दूधवाल्यांना विकतात. रोजचा चहा, भाजी त्या पैशांवर निघते. ही वाटणी कुठल्याही करारात लिहिलेली नाही, रूढीनं चालत आली आहे. यंत्रानं तोडणी वाढते आहे, तसं यंत्र शेंडे शेतातच तुकडे करून टाकतं. जमिनीला ते बरं, पण तोडणी कामगारांच्या अड्ड्यावरच्या बाईच्या हातातली संध्याकाळची कमाई जाते. तिच्यासाठी दुसरं काय, हे ठरवायला कुठली सभा बसलेली मी पाहिली नाही.

बगॅसची गोष्ट वेगळ्या वळणानं गेली. आमच्या जुन्या बॉयलरना एकवीस किलो दाब असायचा, आणि ते बगॅस अक्षरशः उधळायचे. त्यामागं अडाणीपणा नव्हता. उरलेला बगॅस ठेवायचा कुठं? तो हलका, जागा खाणारा, आग लागायला एक ठिणगी पुरे, आणि त्याची धूळ छातीत गेली की आजार देणारी. म्हणून हंगाम संपताना पुढच्या वर्षी बॉयलर पेटवायला लागेल तेवढाच उरावा, असाच सगळा बेत असायचा. वाफ वाचवली तर बक्षीस नाही, बगॅस उरला तर डोकेदुखी. फोरमन मंडळी त्याच शिस्तीत तयार झाली होती.

तमिळनाडूत मात्र कुणीतरी वेगळा विचार केला. १९७९ मध्ये तिथल्या सरकारनं कावेरीकाठी करूरजवळ कागदाची कंपनी काढली, तमिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिथं बगॅसपासून वर्तमानपत्राचा कागद निघू लागला. जंगल तोडायचं नाही, बांबू आणायचा नाही, बगॅस हवा. पण साखर कारखाने बगॅस देतील कसे? त्यांचं इंधन तेच. मग करार असा झाला, की कागद कंपनी साखर कारखान्यांना कोळशावरची वाफ देणार आणि बदल्यात त्यांचा बगॅस उचलणार. बगॅसमधला भुसभुशीत मगज कागदाला चालत नाही, तो झटकून काढावा लागतो. तो पुन्हा बॉयलरला. पैशापेक्षा वाफेच्या मापात झालेला हा व्यवहार मला अतिशय सुंदर वाटतो. दोघांनाही एकमेकांच्या हंगामाची, दाबाची, बिघाडाची काळजी घ्यावी लागते. त्यात एक खोट आहे: झाडं वाचली, पण कोळसा जळला. ती लपवून या कराराचं कौतुक करू नये.

साधारण त्याच सुमारास डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग या बंदराच्या गावाकडं जगाचं लक्ष गेलं. तिथं १९६१ मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यानं भूजल वाचवण्यासाठी तिस्यो सरोवराचं पाणी आणलं. १९७२ पासून त्याचा जाळून टाकला जाणारा वायू शेजारच्या जिप्समच्या पाट्या करणाऱ्या कारखान्याला जाऊ लागला. वीजकेंद्राची वाफ औषध कंपनीला आणि गावातल्या घरांना, औषध कंपनीचा गाळ शेतांना, आणि १९९३ पासून वीजकेंद्राच्या धुराड्यात गंधक पकडताना बनणारं जिप्सम पुन्हा त्या पाट्यांच्या कारखान्याला. १९८० चं दशक संपेपर्यंत तिथल्या लोकांना आपण काही विशेष करतो आहोत याची कल्पनाही नव्हती. प्रत्येक जोडणी दोन शेजाऱ्यांचा साधा व्यवहार होता. पुण्यातल्या एका प्रशिक्षणात हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला वडिलांचं गुऱ्हाळ आठवलं. फरकही जाणवला. तिथं प्रत्येक नळाला मीटर आणि प्रत्येक जोडणीला करार होता. आमच्याकडं मालक एकच असल्यामुळं बगॅस, मळी, वाफ एका विभागातून दुसऱ्यात नुसत्या सरकत राहिल्या. कोणी कोणाला काय दिलं हे न मोजल्यामुळं वाया काय जातं हेही कळत नव्हतं.

मोजमाप आलं ते विजेमुळं. १९९० च्या दशकात बगॅसवर जादा वीज करून ती राज्याच्या जाळ्यात घालायची योजना केंद्रानं पुढं केली. सत्त्याऐंशी किंवा एकशेदहा किलो दाबाचे बॉयलर आले. वाफ आधी टर्बाइन फिरवते, आणि दाब उतरलेली तीच वाफ क्वाडला जाते. टन उसामागं शंभर युनिटांच्या घरात वीज होऊ लागली. एका रात्रीत बगॅसच्या प्रत्येक टनाला भाव आला, आणि ज्या फोरमननी आयुष्यभर बगॅस उधळला तेच वाफेच्या गळतीवर चिंध्या बांधत फिरू लागले. दर महिन्याला वाफेचा खप किती टक्के उतरला, याचा फलक लागला. क्वाडच्या कढया पाच झाल्या. कंडेन्सेट, म्हणजे उसाच्याच पोटातलं वाफ होऊन पुन्हा थंड झालेलं पाणी, साठवून वापरू लागल्यावर कालव्याचं पाणी घेणं कमी झालं. ऊस सत्तर टक्के पाणीच असतो, हे आम्ही पोरांना वर्गात शिकवत होतो; त्या पाण्यावर कारखाना चालवता येतो हे मात्र वीज विकायला लागल्यावर सुचलं.

इथेनॉलनं यापुढची पायरी गाठली. १९४८ चा पॉवर अल्कोहोल कायदा २००० मध्ये रद्द झाला आणि तीनच वर्षांनी, २००३ मध्ये, नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. तोवर इथेनॉल शेवटच्या मळीचंच होतं, साखर काढून झाल्यावर उरलेल्याचं. २०१८ च्या जैवइंधन धोरणानं आधीच्या टप्प्यावरची, साखर जास्त असलेली मळी आणि थेट उसाचा रसही मोकळा केला. कारखान्यांना त्यानं श्वास दिला, उसाचे थकलेले पैसे सुटले, हे मी नाकारत नाही. पण तेव्हापासून साखर आणि इथेनॉल एकाच रसावर हक्क सांगणारे भाऊबंद झाले. पाऊस कमी झाला तेव्हा, डिसेंबर २०२३ मध्ये, केंद्राला रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घालावी लागली, आणि पुढच्या वर्षी ती उठवावी लागली. उरलेलं वाटून घेताना भांडण होत नाही. मूळ मालच वाटायला काढला की होतं. आणि तो मूळ माल ज्या पाण्यावर वाढतो ते पाणी कुठल्याच ताळेबंदात नाही. कारखान्याच्या फाटकाच्या आत आम्ही थेंब न थेंब फिरवून वापरला, पण फाटकाबाहेर बारा-चौदा महिने उभ्या असलेल्या उसाला पाटानं पाणी देत राहिलो. ठिबकचा आग्रह जेवढा लवकर व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. सोलापूर-नगरच्या ज्या गावांत उन्हाळ्यात टँकर येतो त्याच शिवारात ऊस डोलतो, आणि बॉयलरच्या दाबाचं कितीही कौतुक केलं तरी त्या दृश्याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

अलीकडच्या दोन गोष्टींनी मला पुन्हा कारखान्याच्या सभेकडं ओढलं. वायू काढून काळ्याच राहणाऱ्या स्पेंटवॉशला आता आटवून खास बॉयलरमध्ये जाळता येतं, आणि त्याच्या राखेत पोटॅश असतं, उसानं जमिनीतून उचललेलं. भारतात पोटॅशच्या खाणी नाहीत, सगळं बाहेरून येतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रानं मळीपासूनच्या या पोटॅशला, साडेचौदा टक्क्यांच्या, खताच्या अनुदानात घेतलं. दुसरी गोष्ट प्रेसमडची. २०१८ मध्ये केंद्रानं दाबलेल्या जैववायूची योजना आणली आणि प्रेसमडला नवं गिऱ्हाईक मिळालं, वाहनांच्या वायूचा प्रकल्प. कंपोस्टाला जाणारा गाळ आता वायूला जाणार, आणि वायू निघाल्यावर उरणारा ओला चोथा पुन्हा खत म्हणून विकला जाणार.

गेल्या सर्वसाधारण सभेत मी सभासद म्हणून उभा राहिलो. मागणी एवढीच होती, की वायू प्रकल्पाचा चोथा आणि राखेतलं पोटॅश यांच्या विक्रीत पहिला हक्क दोन एकरांच्या आतल्या सभासदांचा असावा, भाव फक्त वाहतुकीचा, आणि हे प्रकल्पाच्या करारातच लिहावं. नंतर ठराव करून चालणार नाही, कारण तोवर टेंडर निघालेलं असतं. मागच्या रांगेतून एका तरुण सभासदानं विचारलं, सभासद नसलेल्या, पण ओढ्याच्या खालच्या अंगाला विहीर असलेल्यांचं काय? त्यानं विचारलं ते माझ्या मागणीपेक्षा नेमकं होतं. चेअरमननी दोन्ही मुद्दे इतिवृत्तात घ्यायला सांगितले. वाहतुकीचा दर आणि खालच्या अंगाच्या विहिरींची यादी करायला समिती नेमली आहे. यादीचं काम मी मागून घेतलं, कारण त्यातल्या निम्म्या विहिरींचं पाणी कधी ना कधी माझ्या बाटलीत येऊन गेलं आहे.